पक्षाचं काम करायचंय, पण सुरुवात कुठून?

निवडणूक लागली की पक्षाच्या कार्यालयात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. आतल्या खोलीत इच्छुकांची झुंबड. एकेका जागेसाठी दहा-दहा जण फाइल काखेत मारून, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शहराध्यक्षांचा विश्वासू माणूस फोनवर फोन लावतोय: "अरे, मराठी शाळेच्या खोली नंबर तीनला बसायला कोण आहे? कोणीच नाही? मग तुझ्या भावाला पाठव ना!" तिकिटाला माणसं उदंड आणि बूथला माणूस मिळत नाही. राजकारणात नवख्या, मागे ना घराणं ना पैसा अशा माणसाला पक्षात शिरायचं असेल, तर त्याचं दार हे बाहेरच्या खुर्चीवरचं आहे.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक सगळीकडे तीच गत. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या कोर्टकज्ज्यात जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हा प्रश्न या काळात कित्येकांना पहिल्यांदा पडला. नगरसेवक असताना त्याला शिव्या घालायची सोय तरी होती! निवडणुका झाल्यावर अनेकजण विचारू लागले की आपण यात काही करू शकतो का. करता येतं. फक्त बातम्यांत दिसणारा पक्ष आणि गल्लीतला पक्ष यांत बरंच अंतर असतं, ते आधी कळलं पाहिजे.

गल्लीतला पक्ष म्हणजे सहसा दहा-पंधरा माणसं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक जण असा की ज्याचा फोन पोलीस ठाण्यात आणि वॉर्ड ऑफिसात उचलला जातो. बाकी सगळी नावं कागदावर. प्रत्येक पक्षाची उतरंड वेगळी असते, आणि ती माहीत नसेल तर कुणाला भेटायचं हेच कळत नाही. शिवसेनेची बांधणी शाखेवर उभी आहे: गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, मग उपविभागप्रमुख आणि विभागप्रमुख, मुंबईबाहेर शहरप्रमुख, तालुकाप्रमुख, जिल्हाप्रमुख. २०२२ मध्ये पक्ष फुटला तरी ही पदं दोन्हीकडे तशीच राहिली. मनसेत प्रमुखाच्या जागी अध्यक्ष म्हणतात. भाजपचा हिशोब बूथवर चालतो. बूथ प्रमुख, काही बूथ मिळून शक्ती केंद्र, त्यावर मंडल, त्यावर जिल्हा. शिवाय मतदारयादीच्या एकेका पानाला पन्ना प्रमुख. काँग्रेस आणि दोन्ही राष्ट्रवादींमध्ये ब्लॉक, तालुका, शहर, जिल्हा असे अध्यक्ष असतात. याशिवाय प्रत्येकाच्या महिला, युवक, विद्यार्थी अशा आघाड्या आणि डॉक्टरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत निरनिराळे सेल. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची तऱ्हा वेगळी. तिथे आधी काही काळ उमेदवार सभासद म्हणून काढावा लागतो, काम पाहून मग पूर्ण सभासदत्व मिळतं, आणि कमाईतून पक्षाला लेव्ही द्यावी लागते.

सभासद होणं अगदी सोपं आहे. भाजपनं २०१४ मध्ये मिस्ड कॉलवर सभासद करून घ्यायला सुरुवात केली, आता लिंक आणि क्यूआर कोड आले. पण असं सभासद झालेल्याला वॉर्डात कुणीही ओळखत नाही. त्याचा नंबर मुंबई-दिल्लीच्या यादीत जातो आणि वाढदिवसाला नेत्याचा आवाज ऐकू येतो, एवढंच. वॉर्डाच्या पातळीवर सभासद म्हणजे ज्याला बैठकीचा निरोप येतो तो. हा निरोप मिळवायचा एकच सरळ मार्ग आहे. शाखेवर किंवा कार्यालयात जायचं, निवडणूक नसताना जायचं, आणि "काही काम असेल तर सांगा" म्हणायचं. पहिल्या भेटीत समोरचा तुम्हाला दोन प्रश्न विचारेल, उघड किंवा आडून: राहायला कुठे, आणि कुणाचे. दुसऱ्या प्रश्नात जात, गाव, नातेवाईक, आधी कुणाच्या मागे फिरत होतात हे सगळं येतं. राग मानू नका. तो मनातल्या मनात मतं मोजतोय.

यादीवर ज्याचा हात बसला

आता मुख्य गोष्ट. स्थानिक राजकारणाचा कच्चा माल म्हणजे मतदारयादी. भाषणं, फ्लेक्स, रील हे नंतर.

यादी मतदान केंद्रागणिक भागांत विभागलेली असते, एका भागात साधारण हजार-बाराशे नावं. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा नंबर. कागदावर नीटनेटकी दिसते. एकदा ती हातात घेऊन एखाद्या इमारतीत जिने चढा, मग कळतं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वारले, यादीत आहेत. दोनशे चारमधली मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली, यादीत आहे. तिच्या जागी आलेली सून यादीत नाही, तिचं नाव अजून माहेरच्या गावात. भाडेकरू तीन वेळा बदलले, यादीत पहिलाच. एका कुटुंबातले चौघे याच भागात आणि पाचवा नाल्यापलीकडच्या केंद्रात. घर क्रमांकाच्या जागी नुसती रेघ. अशी प्रत्येक नावासमोर खूण करत गेलात, म्हणजे मयत, स्थलांतरित, दुबार, हयात आणि हजर, तर आठवड्याभरात तुमच्याकडे जी वही तयार होईल ती पक्षाच्या जिल्हाध्यक्षाकडेही नसते. नेते ज्याला "ग्राउंडवरचा माणूस" म्हणतात तो बहुतेक वेळा असा वहीवाला असतो.

नाव घालायला नमुना ६, वगळायला ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८. वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर; त्या तारखेला अठरा पूर्ण झाले की नाव घालता येतं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण वस्तीतल्या बहुतेकांना तो भरून द्यावा लागतो आणि बीएलओशी, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाशी, बोलून पाठपुरावा करावा लागतो. कुणाचंही नाव खोटेपणानं वगळायला अर्ज करणं गुन्हा आहे. "विरोधकांची नावं उडवू" असं कुणी हसत हसत सुचवलं तर तिथून उठा.

एक तांत्रिक बाब आहे. ती ठाऊक नसल्यानं दरवेळी हजारोजण मतदान केंद्रावरून परत फिरतात. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतःची वेगळी यादी नसते. तो विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तोडतो. कुठल्या दिवसापर्यंतची यादी घ्यायची हे आयोग ठरवतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे दिवाळीत नाव घातलेल्या माणसाला लोकसभेत, विधानसभेत मत होतं, महापालिकेत नव्हतं. शिवाय तोडताना गफलती होतात, सीमेवरची अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात जाऊन पडते. प्रारूप यादी लागल्यावर हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. या निवडणुकांत आयोगानं संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले होते. ते तारे शोधत घरोघरी फिरणारी माणसं पक्षांना कमी पडत होती.

प्रभाग रचनेचंही तसंच. नकाशा प्रारूप म्हणून जाहीर होतो, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. त्यासाठी कुठल्याही पक्षाचं असावं लागत नाही. सही, पत्ता आणि मुद्दा एवढं पुरतं. "आमची वस्ती महामार्गाच्या पलीकडे टाकली, शाळा-दवाखाना अलीकडे आहे" अशी नेमकी हरकत मोघम आरोपांपेक्षा जास्त चालते.

मतदानाच्या दिवशी आत बसलेला माणूस

मतदान प्रतिनिधी, म्हणजे पोलिंग एजंट, हे कुणालाही मिळू शकणारं पहिलं खरं पद. उमेदवार त्याची नेमणूक लेखी देतो, साधारण त्याच भागातला मतदार असावा लागतो. स्थानिक निवडणुकांत मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. एजंटला त्याआधी पोहोचावं लागतं, कारण सुरुवातीला अभिरूप मतदान होतं. यंत्रावर सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर बटणं दाबून पाहतात, निकाल दाखवतात, तो पुसतात, मग यंत्राला सील लागतं आणि त्यावर प्रतिनिधींच्या सह्या होतात. उशिरा आलेला एजंट नेमका हाच भाग चुकवतो, आणि नंतर यंत्रात गडबड होती म्हणून सर्वात मोठ्यानं तोच ओरडतो.

आत बसून काय करायचं? येणाऱ्या प्रत्येकाचं नाव अधिकारी मोठ्यानं वाचतो, तुम्ही तुमच्या प्रतीवर त्या क्रमांकाला खूण करायची. नाव एकाचं आणि माणूस दुसरा असेल तर हरकत घ्यायची, पण शांतपणे. बाहेर ठरलेल्या अंतरावर पक्षाचं टेबल असतं, तिथे चिठ्ठ्या देणारी पोरं. दुपारी एकच्या सुमारास खरी गंमत सुरू होते. कोण येऊन गेलं यावरून कोण राहिलं हे कळतं, आणि मग फोन सुटतात: "काकू, जेवण झालं का? मग या ना खाली, रिकामंच आहे केंद्र." दुपारी तीन ते साडेपाच या वेळात ज्याच्याकडे राहिलेल्यांची यादी आणि त्यांचे नंबर आहेत त्याच्यावर सगळे अवलंबून असतात, उमेदवारसुद्धा. वॉर्डातल्या जागा कधीकधी शे-दोनशे मतांनी जातात, त्यामुळे हा फोन करणारा माणूस पुढची पाच वर्षं लक्षात राहतो. राहायला हवा, असं म्हणू.

मतदान संपलं की यंत्र बंद होताना किती मतं नोंदली गेली याचा हिशोब घेऊनच उठायचं. लोकसभा-विधानसभेत तो नमुना १७-सीवर मिळतो. मतमोजणीच्या टेबलावर आकडा जुळतो का, हे पाहायला हाच कागद लागतो.

तिकीट कसं ठरतं

आतल्या खोलीकडेही एकदा बघून घेऊ, कारण पक्षात गेलेल्या प्रत्येकाला कधीतरी तिथे बसावंसं वाटतंच.

स्थानिक निवडणुकीला उभं राहायला वय २१ पुरे. त्या स्थानिक संस्थेच्या यादीत नाव हवं, कराची थकबाकी नको. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. सुरुवातीला अर्ज केल्याची पावती चालते, पण निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही की पद जातं, आणि अशी पदं गेलेली आहेत. निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून चालणाऱ्यानं हा कागद दोन वर्षं आधी करून ठेवावा.

कायद्याचं इतकंच. पक्षाचं गणित वेगळं. इच्छुकांकडून अर्ज भरून घेतात, मुलाखती होतात, आणि मुलाखतीत विचारतात: किती खर्च कराल, समाजाची मतं किती, मागच्या वेळी कुणाचं काम केलंत. मग आरक्षणाची सोडत निघते आणि तीन वर्षांची मोर्चेबांधणी एका चिठ्ठीत पाण्यात जाते. जागा महिला राखीव झाली, साहेबांनी वहिनींचे फ्लेक्स लावले. मग युती किंवा आघाडी होते आणि तुमचा वॉर्ड मित्रपक्षाला सुटतो. मग शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षातला माजी नगरसेवक प्रवेश करतो आणि निष्ठावंतांचा पत्ता कट. ही चाळणी कुठल्याही पक्षात सभासदांच्या मतानं होत नाही. नावं वरून येतात.

शेवटचा अंक एबी फॉर्मचा. ए फॉर्म म्हणजे पक्षानं निवडणूक अधिकाऱ्याला कळवायचं की उमेदवारी देण्याचा अधिकार आमच्या कुणाला आहे. बी फॉर्म म्हणजे त्या अधिकार असलेल्या माणसानं सांगायचं की या जागेवर आमचा अधिकृत उमेदवार हा, आणि याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी तो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे कागद मूळ सहीसह अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले नाहीत तर चिन्ह मिळत नाही, अर्ज अपक्ष ठरतो किंवा बाद होतो. म्हणून बंडखोरी टाळायला पक्ष फॉर्म मुद्दाम शेवटच्या रात्री वाटतात. दोघांना फॉर्म गेला, फॉर्मवर खाडाखोड झाली, फॉर्म घेऊन निघालेला माणूस फोन बंद करून बसला, हे सगळं होतं. पाच वर्षांचं राजकारण कधीकधी एका ट्रॅफिक जॅमवर ठरतं.

अपक्ष उभं राहण्याचा मार्ग मोकळा आहे, पण मोठ्या शहरांत तो चढणीचा. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक, असे २२७. बाकीच्या महापालिकांत बहुतेक चार सदस्यांचा प्रभाग, अ, ब, क, ड. पुण्यात १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडून जातात, म्हणजे एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून जास्त लोकसंख्या. एवढ्या लोकांपर्यंत एकट्यानं पोहोचणं जवळपास अशक्य. चौघांचं पॅनेल एकमेकांची मतं ओढून नेतं आणि एकटा अपक्ष बाजूला पडतो. ही पद्धत पक्षांच्या सोयीची आहे, हे माझं स्पष्ट मत.

बायकांसाठी मात्र चित्र थोडं निराळं आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, आणि स्वतः बोलणाऱ्या, स्वतः फिरणाऱ्या कार्यकर्त्या प्रत्येक पक्षाला कमी पडतात. नगरसेविकेच्या खुर्चीवर नवरा बसलेला सगळ्यांनी पाहिलाय. पण बचत गट चालवणारी, रेशन आणि पाण्यासाठी चार वेळा ऑफिसात भांडून आलेली बाई पक्षात शिरली तर तिला पुरुष कार्यकर्त्यापेक्षा लवकर विचारतात. मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महापालिकेवर गेल्या आणि लोकांनी त्यांचं नाव पाणीवाली बाई ठेवलं. पाण्याचा प्रश्न तेव्हाही नळावरच्या बायकांचा होता.

मोठे झालेले अनेकजण याच पातळीवरून गेले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेत, देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक, एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाण्याचे. ही नावं पक्षाच्या शिबिरात हमखास ऐकवली जातात. त्यांच्याबरोबर सतरंज्या उचललेल्या आणि सतरंज्याच उचलत राहिलेल्या बाकीच्यांची नावं तिथे कुणी घेत नाही.

गावात पक्ष दिसत नाही, असतो

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनेल असतात, ग्रामदैवताच्या किंवा जुन्या पुढाऱ्याच्या नावाची. निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष आपापले सरपंच मोजतात आणि त्यांच्या दाव्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. गावातली खरी ताकद पंचायतीइतकीच विकास सोसायटी, दूध संस्था, बाजार समिती आणि साखर कारखान्यात असते. कर्जाचं प्रकरण, उसाची तोड, दुधाचा फरक ज्याच्या हातात, त्याच्या पॅनेलला नकार देणं शहरातल्या माणसाला वाटतं तितकं सोपं नसतं. सोसायटीचा संचालक होणं म्हणूनच कित्येकांची पहिली पायरी ठरते.

बिनविरोधाचं कौतुक करताना जरा बेतानं करा. काही गावांत समजुतीनं बिनविरोध होतं, काही गावांत बोली लागते. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांत पदांचा लिलाव झाल्याचं समोर आल्यावर राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. उमराण्यातली बोली दोन कोटींच्या वर गेली होती. पैसा देवळाच्या कामाला जाणार होता म्हणे.

गावातल्या माणसाच्या हातात शहरातल्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे, ती ग्रामसभा. वर्षातून किमान चार, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी ती गणपूर्ती (कोरम). ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पहिल्या दिवशी लोक न येण्यात काहींचा फायदा असतो तो असा. तिथे गेलात तर आधीच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा आणि मागचा ठराव कुठवर आला ते विचारा. एवढ्यानंही खुर्च्या सरकतात. शहरात याच्या जवळ जाणारं फारसं काही नाही. प्रभाग समित्या आहेत, पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, मुंबईत सोसायट्यांचे परिसर व्यवस्थापन गट आहेत. उपयोगाचे आहेत, पण निधी कुठे वळवायचा हे ठरवणारे दुसरेच.

खिसा, नोकरी आणि गुन्हा

आत जाण्याआधी तीन गोष्टी घरात बोलून घ्या.

सरकारी कर्मचाऱ्याला पक्षाचं सभासद होता येत नाही, निवडणुकीच्या प्रचारातही भाग घेता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत आणि त्यांत हे स्पष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही असेच नियम लागू आहेत. व्हॉट्सॲपवर उमेदवाराचं पोस्टर पुढे ढकललं म्हणून नोटीस आलेले मास्तर आहेत. खासगी नोकरीत कायद्याची आडकाठी नाही. कंपनीच्या नियमांत काय लिहिलंय ते मात्र वाचा.

पैशाचं म्हणाल तर नवीन कार्यकर्त्याचा पहिला खर्च हा वाढदिवसाच्या फ्लेक्सचा असतो, साहेबांच्या. पाच-दहा जण मिळून लावतात, खाली प्रत्येकाचा अंगठ्याएवढा फोटो. बहुतेक बेकायदा असतात, महापालिका काढते, आणि गुन्हा खालच्या फोटोवाल्यावर दाखल होतो, वरच्यावर नाही. माझं ऐकाल तर पहिलं वर्षभर खिशातून काही घालू नका, पदही घेऊ नका. जम्बो कार्यकारिणीत तिसावं सरचिटणीसपद सहज मिळतं, नियुक्तीपत्र देतानाचा फोटोही मिळतो, पण पद मिळालं की गर्दी जमवण्याचा कोटा मागोमाग येतो. वर्गणी द्यायची झाली तर पक्षाच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या. रोख दिलेल्या देणगीवर आयकरात सूट नाही.

तिसरं, आंदोलन. रस्ता रोको आणि मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा सहज लागतो. नेत्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांच्या प्रतिज्ञापत्रात अशा गुन्ह्यांची यादी मिरवायला असते. बावीस वर्षांच्या पोराला मात्र पुढे पोलीस पडताळणीत, पासपोर्टला, भरतीच्या अर्जात तो प्रश्न येतो. राजकीय आंदोलनांतले गुन्हे सरकार अधूनमधून मागे घेतं, पण त्यात वर्षं जातात. पोलिसांनी बैठकीची परवानगी दिली आहे का, आयोजक म्हणून कुणाची सही आहे, हे विचारण्यात भित्रेपणा नाही.

मग मिळतं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन गोष्टी. एक, कामं होतात. ड्रेनेजची तक्रार तुम्ही ॲपवर टाकली तर तिला क्रमांक मिळतो. शाखाप्रमुख किंवा मंडल अध्यक्षानं कनिष्ठ अभियंत्याला फोन केला तर माणूस येतो. हे असं नसायला हवं, पण आहे. काही महिन्यांत कुठलं काम वॉर्ड ऑफिसचं, कुठलं मुख्यालयाचं, कुठल्या फाइलला कुणाची सही लागते हे तुम्हाला कळू लागतं, आणि मग तुमचाही फोन उचलला जातो. दुसरं, ठरवणाऱ्यांच्या जवळ बसायला मिळतं. कुठल्या चौकात सिग्नल हवा, बालवाडीची जागा हॉलला द्यायची का, हे पक्षाच्या बैठकीत आधी चर्चेला येतं आणि सभागृहात नंतर. बैठकीत बारा जण असतात, त्यातले आठ साहेबांच्या तोंडाकडे बघत असतात. कागद वाचून आलेला एक जण बोलला तर ऐकून घेतात, कारण बाकी कुणी वाचलेला नसतो.

कुठला पक्ष, हे मी सांगणार नाही. विचार तुमचा असतोच. पण एकाच पक्षाची शेजारच्या दोन वॉर्डांतली युनिटं इतकी वेगळी असतात की तेवढ्यावर थांबू नका. निवडणूक नसताना कार्यालय उघडं असतं का, पावसाळ्यात पाणी भरलं तेव्हा कोण आलं होतं, बैठकीत बायका कुठे बसतात, आणि नेता गेला तर मागे कुणी उरेल का, हे पाहा. शेवटचा प्रश्न उगाच नाही. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचं नाव आणि चिन्ह एका गटाला दिलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं. वीस-तीस वर्षं एकाच चिन्हाच्या चिठ्ठ्या वाटलेल्यांना सकाळी उठून ठरवावं लागलं की आपण आता कुणाचे. बहुतेकांनी ठरवलं ते वॉर्डातला आपला माणूस कुठे गेला ते पाहून.

सोडायचं झालं तर साध्या सभासदाला कुठलीही अडचण नाही. पक्षांतराचा कायदा, १९८६ चा, निवडून आलेल्या सदस्यांना लागतो. त्यांना गटनेत्याचा पक्षादेश (व्हिप) पाळावा लागतो, मोडला तर पद जाऊ शकतं. कार्यकर्त्यानं तालुकाध्यक्षाला किंवा शहराध्यक्षाला दोन ओळींचं पत्र द्यायचं, पोच घ्यायची, आणि मतदारयादीवर खुणा केलेली वही देऊन टाकण्याआधी त्यातले लोकांचे फोन नंबर कुणाकुणाच्या हातात जाणार आहेत याचा विचार करायचा. नंबर लोकांनी तुम्हाला दिलेले असतात.